उचललेल्या पिकअपला कंपनीच्याच रिमवर मोठे टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना, बीड, परभणी, लातूर, नांदेड, कुठूनही विचारणा आली तरी मुद्दा एकच असतो: गाडी लिफ्ट किट घालून दोन इंच उचलली आहे, रिम बदलायची नाही, तर टायर किती मोठा घालता येईल? खालची उत्तरं मुख्यतः १८ इंची रिमच्या पिकअप डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, म्हणजे आयसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्सची वरची मॉडेलं. हिशेब मात्र सगळ्यांना तोच. उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये, हवा पीएसआयमध्ये.

१. दोन इंच लिफ्ट केली. आता दोन इंच मोठा टायर बसेल ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लिफ्टमुळे गाडी उभी असताना मडगार्ड आणि टायरमधली फट वाढते. पण चाक खड्ड्यातून उसळून वर जातं तेव्हा ते बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत जातं, आणि ती जागा लिफ्टने बदललेली नसते. शिवाय पुढच्या चाकाच्या मागे केबिनचा माउंट असतो आणि पुढे बंपरची कड. चाक वळवल्यावर टायर या दोन ठिकाणी जवळ येतो. गाडी वर गेली म्हणून ते अंतर वाढत नाही.

मूळ माप २५५/६० आर १८ असेल (आकड्यांचा अर्थ प्रश्न २ मध्ये), लिफ्ट ४० ते ५० मिलिमीटर असेल आणि रिम कंपनीचीच असेल, तर २६५/६५ आर १८ ही शहाणपणाची मर्यादा. हायलक्सचं मूळ माप २६५/६० आर १८ असेल तरी मर्यादा हीच धरा. २६५/७० किंवा २७५/६५ बसवलेल्या गाड्या दिसतात, पण त्यांचं प्लास्टिक कापलेलं असतं, नाहीतर त्या खड्ड्यात घासत असतात. लिफ्ट अजिबात नसेल तर २५५/६० वरून २६५/६० पर्यंतच जा. त्याने व्यास फक्त १२ मिलिमीटरने वाढतो.

२. टायरवरच्या आकड्यांवरून उंची कशी काढायची?

२६५/६५ आर १८ घ्या. रुंदी २६५. तिचे ६५ टक्के म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, १७२. साइडवॉल वर-खाली दोन, म्हणून ३४४. रिम १८ इंच, म्हणजे ४५७. एकूण व्यास साधारण ८०२. याच रीतीने २५५/६० चा ७६३, २६५/६० चा ७७५, २८५/६० चा ७९९, २७५/६५ चा ८१५ आणि २६५/७० चा ८२८ येतो. ज्यांच्या गाडीला २४५/७० आर १६ आहे त्यांचा मूळ व्यास ७४९, आणि २६५/७० आर १६ घातल्यावर ७७७.

गाडीची जमिनीपासूनची उंची व्यासाच्या फरकाच्या निम्म्यानेच वाढते. २५५/६० वरून २६५/६५ ला गेलात तर फरक ३९, म्हणून डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलचा गोळा, १९ मिलिमीटर वर येतं. ही वाढ लहान दिसली तरी तिची किंमत मोठी आहे, कारण लिफ्ट किट फक्त चासी उचलतं. तो गोळा वर उचलायचा तर टायरच लागतो.

३. दुकानदार म्हणतो, या रिमवर कोणताही १८ चा टायर बसतो. खरं आहे का?

चढतो. पण चढणं वेगळं आणि बसणं वेगळं. स्पोकच्या मागच्या बाजूला रिमची रुंदी कोरलेली असते, उदाहरणार्थ १८×७.५ जे. प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमसाठीच मंजूर असतो. २५५/६० आर १८ ला ७ ते ९ इंच रिम चालते. २६५/६० आणि २६५/६५ ला ७.५ ते ९.५. २८५/६० ला मात्र किमान ८ इंच लागते.

म्हणजे ७.५ च्या रिमवर २६५ अगदी काठावर बसतो आणि २८५ नियमाबाहेर जातो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही साइडवॉल आत ओढल्या जातात आणि ट्रेड, म्हणजे जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग, मधोमध फुगतो. मग झीज मधल्या पट्ट्यात होते, वळणावर गाडी डुलते आणि हवा कमी असताना बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, रिमवरून सुटायची शक्यता वाढते. टायर विकत घेण्याआधी त्या विशिष्ट मॉडेलची रिमची मर्यादा कंपनीच्या तक्त्यात बघा. एलटी, म्हणजे लाइट ट्रक टायरची मर्यादा त्याच मापाच्या साध्या टायरहून वेगळी असू शकते.

४. उंच घ्यावा की रुंद? आमच्याकडे सगळं काळं रान आहे.

उंच घ्या, रुंदीचा मोह नको. काळी माती ओली झाली की चिकटते आणि नक्षीत गच्च बसते. चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत टायर गोटा होऊन जातो, मग तो ऑल-टेरेन (रस्ता आणि रान दोन्हींचा) असो की मड-टेरेन (खास चिखलाचा). रुंद टायर त्या राडीवर तरंगतो आणि बाजूला सरकतो. त्यातल्या त्यात अरुंद आणि उंच टायर वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. वाळूत याच्या उलट असतं, तिथे रुंदी कामाला येते. पण गोदावरी-मांजरेच्या पात्रात गाडी घालणारे किती आणि पावसाळ्यात पाणंद रस्त्याने रानात जाणारे किती, याचा विचार करा.

नक्षी निवडताना तिच्या दोन बटणांमधली, म्हणजे उठावदार ठोकळ्यांमधली, मोकळी जागा बघा. ती जितकी जास्त, तितकी माती फेकली जाते. मात्र मड-टेरेन टायर डांबरी रस्त्यावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि पावसात डांबरावर पकड कमी देतो. आठवड्यातले सहा दिवस रस्त्यावर आणि एक दिवस रानात असेल तर ऑल-टेरेनच घ्या. आणि जुलैत दोन दिवस पाऊस लागल्यावर कोणत्याही टायरने काळ्या रानात घुसू नका. ट्रॅक्टर बोलवायचा खर्च ठरलेला आहे.

५. घासेल की नाही, हे टायर विकत घेण्याआधी कसं कळेल?

जुन्याच टायरवर मोजता येतं. अर्धा तास लागतो.

हौदा रिकामा ठेवा. एक माणूस स्टिअरिंगवर, एक बाहेर. भिजवलेल्या कणकेचे लिंबाएवढे तीन-चार गोळे घ्या आणि पुढच्या चाकाच्या आसपास, जिथे टायर जवळ येतो असं वाटतं तिथे, लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला) आणि केबिन माउंटच्या कडेला चिकटवा. आता शेताच्या बांधावर गाडी तिरकी चढवा, म्हणजे पुढचं एक चाक बांधावर येऊन पूर्ण दाबलं जाईल. तिथे स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. गाडी खाली घ्या आणि गोळ्यांची उरलेली जाडी मोजा. गोळा तसाच राहिला असेल तर तिथे जागा भरपूर आहे. चेपला असेल तर उरलेली जाडी म्हणजे तुमची मोकळी जागा.

नवा टायर त्रिज्येने १९ मिलिमीटर मोठा असेल (बघा प्रश्न २), त्यात ऑल-टेरेनच्या उठावदार बटणांसाठी ५-६ मिलिमीटर धरा. कणीक २५ पेक्षा पातळ राहिली असेल तर तिथे घासणार. दुसऱ्या बाजूचं चाकही असंच तपासा, दोन्हीकडे अंतर सारखं नसतं.

आतल्या बाजूला, टायरच्या खांद्यापासून वरच्या कंट्रोल आर्मपर्यंतचं (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्यापर्यंतचं) अंतरही मोजा. २५५ वरून २६५ ला गेल्यावर टायर आत फक्त ५ मिलिमीटर सरकतो, पण ऑल-टेरेनचा खांदा चौकोनी असतो. आज १५ मिलिमीटर अंतर असेल तर चालेल, त्याहून कमी असेल तर प्रश्न ७ वाचा.

मागच्या चाकांसाठी उलट करा: हौद्यात नेहमीचा माल भरा आणि मग बघा. पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबल्यावर टायर मडगार्डच्या कडेला कुठे येतो ते तेव्हाच दिसतं.

६. बसवल्यावर फुल स्टिअरिंगला घासतंय. काय कापायचं आणि काय नाही?

आधी खूण शोधा. टायरवर चमकदार पट्टा आणि समोर लायनरवर घासल्याचा डाग, दोन्ही मिळाल्याशिवाय कात्री लावू नका. क्रम असा: मडफ्लॅप काढून एक-दोन इंच मागे सरकवून बसवा. तेवढ्यात अर्ध्या गाड्यांचं काम होतं. नाही झालं तर लायनर हीट गनने गरम करून मागे दाबा आणि केबल टायने बांधा. गरम करताना मागे वायरिंग किंवा वॉशरची टाकी नाही ना, हे हाताने चाचपून बघा. त्यापुढे बंपरच्या खालच्या प्लास्टिकची कड १०-१५ मिलिमीटर कापता येते.

केबिन माउंट कापायचा नाही. गॅरेजमध्ये "कोपरा कापून वरून पट्टी वेल्ड करून देतो" असं सांगतात. तो चासीचा भाग आहे, केबिनचा भार त्याच्यावर असतो, आणि उघड्या वेल्डवर पावसाळी चिखल बसला की गंज धरतो. तिथेच लागत असेल तर टायरचं माप चुकलं आहे, एक पायरी खाली या.

फक्त पूर्ण वळवल्यावर, तेही रिव्हर्समध्ये हलकंसं प्लास्टिकला लागत असेल, तर दुर्लक्ष केलं तरी चालतं. धातूला लागत असेल तर एक दिवसही गाडी चालवू नका.

७. आतल्या बाजूने आर्मला लागतंय. स्पेसर टाकला तर?

कंपनीच्या रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर, टायरला आत ठेवतो. त्यामुळे बेअरिंगवर भार सरळ येतो आणि स्टिअरिंग हलकं राहतं. स्पेसरने, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायच्या जाड चकतीने, चाक बाहेर येतं, आर्मचा त्रास संपतो, पण चाक वळताना आता मोठ्या वर्तुळात फिरतं आणि पुढे बंपरला, मागे माउंटला लागू लागतं. म्हणजे एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

नुसत्या चकत्या, ज्या जुन्याच बोल्टवर रिमच्या मागे सरकवतात, त्या घालूच नका. बोल्टचे आटे कमी पडतात. घालायचाच असेल तर हबवर घट्ट बसणारा, स्वतःचे बोल्ट असलेला स्पेसर घ्या, आणि ५० किलोमीटरनंतर नट परत पान्याने तपासा. खरा उपाय मात्र बदली कंट्रोल आर्म. लिफ्ट ४० मिलिमीटरच्या पुढे असेल तर तो अलाइनमेंटसाठीही लागतोच (बघा प्रश्न १२).

८. टायरच्या दुकानात उभं राहून काय बघायचं?

जुना टायर उतरवल्यावर रिमची आतली कड कापडाने पुसून बघा. वाकलेली, खवले निघालेली किंवा पांढरट गंज धरलेली असेल तर तिथून हवा झिरपते. वायर ब्रशने साफ करून घ्या. वाल (हवा भरायची नळी) नवा टाका. जुन्या वालाचं रबर तडकतं आणि नव्या टायरची हवा रोज दोन पीएसआयने उतरते.

बीडला साबणपाणी किंवा टायरचं वंगण लावा, ग्रीस किंवा ऑइल नको. हवा भरताना बीड ४० पीएसआयच्या आत टक्क आवाज करून बसला पाहिजे. नाही बसला तर हवा सोडून परत वंगण लावायचं. ६०-७० पर्यंत भरत जाणं किंवा पेट्रोल शिंपडून पेटवणं हे प्रकार जीवावर बेततात.

टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो वालासमोर आणा, बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. एका चाकाला १०० ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फिरवून परत बघायला सांगा. नट शेवटी टॉर्क पान्यानेच आवळायचे. बहुतेक पिकअपना १०० ते १३० न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हवेच्या गनने ठोकून आवळलेले नट स्टेपनी बदलताना रस्त्यात निघत नाहीत.

९. हवा किती ठेवायची? दारावर ३२ लिहिलंय, टायरवर ८०.

दारावरचा आकडा जुन्या टायरसाठी आहे. टायरवरचा आकडा जास्तीत जास्त मर्यादा आहे, भरायची हवा नव्हे. तुमचा आकडा या दोघांच्या मध्ये, आणि खालच्या बाजूलाच असतो.

साधा, म्हणजे एलटी नसलेला टायर असेल तर दारावरच्या आकड्यापासून सुरुवात करा. एलटी टायरचं कापड जाड असतं, तेवढाच भार पेलायला त्याला ४ ते ८ पीएसआय जास्त लागते. मग खडूची चाचणी घ्या. ट्रेडवर आडवी जाड खडूची रेघ ओढा, सपाट डांबरावर सरळ शंभर मीटर चालवा आणि उतरून बघा. रेघ मधोमध पुसली असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली असेल तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदलत जा. रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा निघेल. दोन्ही हौद्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

हवा नेहमी सकाळी, गाडी निघण्याआधी तपासा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की हवा साधारण १ पीएसआयने वाढते. परभणी-नांदेडकडे मेच्या दुपारी पारा ४२-४३ ला असतो, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं, त्यात टायर चालून गरम झालेला. दुपारी पंपावर ३८ दिसले म्हणून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर दबलेला मिळेल. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक वेळा कमी हवेने: साइडवॉल जास्त वाकते, तापते आणि कापड सुटतं. "उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा" हा सल्ला उलटा आहे.

१०. रानात जाताना हवा कमी करावी का? किती?

खडकाळ वाटेवर, मुरमात, वाळूत फायदा होतो. १८ ते २० पर्यंत आणा, वेग ३०-४० च्या आत. कंपनीच्या रिमला बीडलॉक (बीड घट्ट धरून ठेवणारी कडी) नसतो, म्हणून १५ च्या खाली जाऊ नका. वळताना टायर रिमवरून सुटतो आणि मग शेतात उभं राहून तो बसवायला कोणी मिळत नाही. चिकट काळ्या मातीत हवा कमी करून फारसं साधत नाही, कारण तिथे अडचण टायर रुतण्यापेक्षा नक्षी भरण्याची असते. डांबरावर येण्याआधी हवा भरायलाच हवी, म्हणून १२ व्होल्टचा कंप्रेसर गाडीत असेल तरच हवा सोडा.

११. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग दोनदा केलं.

आधी चाकं धुवा. रिमच्या आतल्या वाटीत वाळलेल्या काळ्या मातीचा मूठभर गोळाही शे-दोनशे ग्रॅमचा असतो, आणि बॅलन्सिंगचा सगळा हिशेब ग्रॅममध्ये चालतो. प्रेशर वॉशरने आतून धुवा, स्पोकमागे बोट घालून बघा. पैसे द्यायची वेळ त्यानंतर.

तरी थरथर राहिली तर: चिकटवलेली वजनं पडली आहेत का, टायरमध्ये पंक्चर जेल घातलंय का (जेल एका जागी साचतं), नट सारखे आवळलेत का, हे बघा. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर दोष पुढच्या चाकांत, सीटमध्ये जाणवत असेल तर मागच्या. ठरावीक वेगाला येऊन पुढे जात असेल तर बॅलन्सिंग, ब्रेक दाबतानाच येत असेल तर डिस्क.

१२. अलाइनमेंट झाली तरी गाडी सरळ धरत नाही, स्टिअरिंग परत येत नाही.

कॅस्टर, म्हणजे चाक वळतं त्या अक्षाचा मागे कल, कमी झाला आहे. पुढून गाडी उचलली की आर्म खाली कलतात आणि चाकाचा उभा अक्ष मागे झुकलेला असतो तो सरळ होऊ लागतो. त्यामुळे वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्ये येत नाही. जड आणि उंच टायरने हे आणखी जाणवतं. अलाइनमेंटवाला फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर) सेट करून पाठवत असेल तर छापील कागद मागा. त्यावर कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) आणि कॅस्टर दोन्ही चाकांचे दिसले पाहिजेत, आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसले पाहिजेत. बोल्ट फिरवून कॅस्टर मर्यादेत येत नसेल तर बदली वरचा आर्म लागतो.

क्रमही महत्त्वाचा आहे: आधी लिफ्ट, मग टायर, मग योग्य हवा, शेवटी अलाइनमेंट. पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसते, तेव्हा परत एकदा तपासा.

१३. मीटर चुकतं का? आणि ॲव्हरेज किती पडतं?

२५५/६० वरून २६५/६५ ला चाकाचा घेर ५ टक्क्यांनी वाढतो. मीटरवर ८० असताना गाडी आधीपेक्षा ५ टक्के जास्त पळते. कंपनी मीटर मुद्दाम थोडं जास्त दाखवणारं ठेवते, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत मोठ्या टायरनंतर मीटर जवळपास खरं होतं. अंदाजावर सोडू नका. समृद्धी महामार्गावर जालन्याजवळच्या सरळ पट्ट्यात, शेजारी बसलेल्याने मोबाइलचं जीपीएस बघत, ६०, ८० आणि १०० ला ताडून घ्या.

किलोमीटरही कमी नोंदवले जातात. टाकी फुल ते टाकी फुल ४० लिटर लागलं आणि मीटरवर ४८० दिसले तर ॲव्हरेज १२ वाटेल. खरे किलोमीटर ४८० गुणिले १.०५, म्हणजे ५०४. ॲव्हरेज १२.६. "मोठ्या टायरने ॲव्हरेज फार पडलं" या तक्रारीतला एक भाग एवढ्यानेच निघून जातो. उरलेली घट खरी असते: एका चाकामागे ३ ते ६ किलो वजन वाढलं, नक्षी जाड झाली, गाडी वाऱ्याला उंच झाली. सर्व्हिसचे किलोमीटर मोजतानाही हा ५ टक्क्यांचा फरक लक्षात ठेवा.

१४. ब्रेक आणि गिअरवर परिणाम होतो का?

होतो. चाक मोठं आणि जड झालं की त्याच ब्रेकला जास्त काम पडतं, आणि प्रत्येक गिअर ५ टक्के उंच झाल्यासारखा वागतो. सपाटीवर जाणवत नाही. माल भरून कन्नडचा औट्रम घाट उतरताना जाणवतं: आधी तिसऱ्यात उतरायचात तिथे इंजिनचा धरून ठेवणारा जोर कमी पडतो आणि पाय ब्रेकवर जातो. एक गिअर खाली ठेवा. पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर टायरसोबतच बदलून घ्या.

१५. मागचेच दोन मोठे टाकले तर? किंवा स्टेपनी जुनीच ठेवली तर?

फोर बाय फोर गाडीत पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे चालत नाहीत. ४एच (चारही चाकं ओढणारा मोड) लावल्यावर दोन्ही ॲक्सल एकत्र जोडले जातात, घेर वेगळा असेल तर ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो, लिव्हर अडकतो, पुढे साखळी किंवा गिअर जातो. फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीत यांत्रिक नुकसान नाही, पण एबीएस आणि ईएसपी (ब्रेक लॉक होऊ न देणारी आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चाकांच्या वेगाची आपसांत तुलना करतात. ५ टक्के फरकाने लाइट लागू शकतो.

स्टेपनी त्याच मापाची असणं उत्तम. आधी बघा की हौद्याखालच्या जागेत ८०२ चा टायर मावतो का. सायलेन्सरपासून आणि मागच्या बंपरच्या पट्टीपासून दोन बोटं अंतर हवं. मावत नसेल तर हौद्यात स्टँड करावा लागतो. नाइलाजाने जुन्या मापाची स्टेपनी लावली तर ती पुढच्या चाकावर लावा. मागचं पंक्चर असेल तर पुढचं मोठं चाक मागे आणा आणि छोटं पुढे. गाडी २एच (फक्त मागची चाकं ओढणाऱ्या मोड) मध्येच ठेवा, वेग ६० च्या आत, आणि जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंतच जा. डिफ लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) लावू नका.

१६. बाभळीचे काटे आणि पऱ्हाटीची धसकटं, यांना जाड टायर टिकतो का?

ट्रेडवर बराच टिकतो, साइडवॉलवर नाही. बाभळीचा काटा ट्रेडमध्ये मोडून राहतो आणि आठवड्याने आत पोचतो. रानातून आल्यावर नक्षीवरून हात फिरवून काटे पक्कडीने काढले की निम्मी पंक्चरं वाचतात.

धसकटं जास्त वाईट. कापूस किंवा तूर विळ्याने तिरकी कापली की जमिनीवर चार-सहा इंचांचं टोकदार खुंट राहतं. वाळल्यावर ते खिळ्यासारखं कडक होतं. टायर त्याच्यावरून सरळ गेला तर ते मोडतं, पण वळताना साइडवॉल त्यावर घासली गेली तर चिरते. म्हणून कापणी झालेल्या वावरात ओळीच्या दिशेने चालवा, वळण धुऱ्यावर घ्या, आणि अशा रानात हवा कमी करू नका.

ट्रेडचं पंक्चर ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर आतून मशरूम पॅच लावा. दोरीचं पंक्चर घरी पोचण्यापुरतं. साइडवॉलची चीर दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. चिरलेल्या ट्यूबलेसमध्ये ट्यूब घालून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आत घर्षणाने ट्यूब तापते आणि फुटते ती एकदम.

१७. मोठा टायर म्हणजे जास्त माल चालतो का?

नाही. गाडीची क्षमता आरसी बुकात लिहिलेली आहे तीच. टायर बदलल्याने पाटे, ॲक्सल, ब्रेक बदलत नाहीत. उलट बघायचं ते असं की नव्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायरवर कोरलेला भाराचा आकडा, मूळपेक्षा कमी नसावा. ११० म्हणजे टायरमागे १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. हा भार पूर्ण हवेला असतो, कमी हवेला नाही.

१८. आरटीओ, पासिंग, विमा यांचं काय?

स्पष्टच सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए नुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लिफ्ट किटही यात येतं.

सर्वात सुरक्षित माप म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेलं माप. माल वाहतुकीच्या नोंदणीच्या गाडीला फिटनेस तपासणी असते, तिथे मडगार्डबाहेर आलेला टायर लगेच डोळ्यांवर येतो. ट्रेडची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर माप बरोबर असूनही टायर बाद. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला की दावा अडवायला त्यांना कारण मिळतं.

१९. हवं ते माप दुकानात मिळत नाही. जुने किंवा रिमोल्ड घेऊ का?

रिमोल्ड नको, या वजनाला आणि या उन्हाळ्याला तर नकोच. बाहेरून येणाऱ्या टायरवर जून २०२० पासून आयातीचे निर्बंध आले, तेव्हापासून काही मापं सहज मिळत नाहीत आणि पडून राहिलेला माल नवा म्हणून विकला जातो. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात: ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. दोन वर्षांपेक्षा जुना टायर नव्याच्या किमतीत घेऊ नका. आयएसआय खूण असल्याची खात्री करा. पाचही टायरची तारीख एकेक करून बघा, चार ताजे आणि एक जुना मिसळून देतात.

२०. १८ ऐवजी कंपनीचीच १६ किंवा १७ इंची रिम लावली तर साइडवॉल जाड मिळेल ना?

मिळेल, आणि खडकाळ रस्त्यावर ती चांगलीच. पण तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पहिली, ब्रेकचा कॅलिपर. वरच्या व्हेरिएंटला मोठी डिस्क असेल तर १६ ची रिम कॅलिपरला लागते. रिम हाताने लावून, दोन नट बसवून, चाक पूर्ण फिरवून बघा. कॅलिपरपासून किमान ३ मिलिमीटर अंतर हवं, आणि हे चाचपताना बॅलन्सिंगचं चिकटवायचं वजन कुठे येईल तेही धरा. दुसरी, नट. लोखंडी रिमचे आणि अलॉयचे नट बऱ्याचदा वेगळ्या आकाराचे असतात, एकाचा नट दुसऱ्यावर नीट बसत नाही. तिसरी, ऑफसेट. तो ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळा असेल तर प्रश्न ५ ची कणकेची चाचणी नव्या रिमवर पहिल्यापासून परत करावी लागेल.